काठावरची आठवी

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नेवाशाकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं दीना साळवेच्या चित्राला हळदकुंकू लावलं. दीना तेव्हा खिडकीपाशी उभी होती, हात मागं बांधून, शाळेत मुलींच्या चित्रकलेच्या वह्या बघताना उभी राहते तशी. म्हातारी मुलाबरोबर आली होती. मुलगा कोर्टात कारकून होता आणि घटकाभर सावलीला म्हणून आईला घेऊन वाचनालयाच्या या वरच्या हॉलमध्ये चढला असावा. पदर तोंडाशी धरून ती एकेका चित्रापुढून सरकत होती, आणि दीनाच्या चित्रापाशी थांबली. दीनाला बरं वाटलं. सकाळपासून तिथं कुणी थांबलंच नव्हतं. मग म्हातारीनं कमरेची चंची सोडली, तिच्यातून एक पितळी डबी काढली, आणि चित्रातल्या सात उभ्या पट्ट्यांना डावीकडून एकेक बोट टेकवत गेली. आधी हळद, मग कुंकू. तेलरंग जाड लावलेला, आतून अजून ओला. बोट टेकेल तिथं खळगा पडत होता आणि कुंकू त्यात रुतून बसत होतं. ‘हात लावू नका’ हे शब्द दीनाच्या ओठांपर्यंत आले. रोज शाळेत ती ते दहादा म्हणायची. आत्ता ते आले आणि तिथंच राहिले.

“ह्या आसराच हायेत ना, बाई?” म्हातारीनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर दीनानं तयार ठेवलेलं होतं. पाण्यातल्या सात देवता वगैरे नाहीत, हे पट्टे आहेत, नदीच्या प्रवाहाची लय आहे, असं ती म्हणणार होती. कलामंडळाच्या राधाकृष्ण पाठकांनाही तिनं तसंच सांगितलं होतं. प्रदर्शनाचा विषय त्यांनीच ठरवलेला, ‘नदी आणि स्त्री’. आणि आदिशक्ती, जलतत्त्व, भारतीय मन असे शब्द ते आल्यागेल्याला वाटत होते. पण म्हातारी चित्राकडंच बघत बोलत राहिली. “औंदा नदीला पानी न्हाई. निस्ती वाळू. म्या लेकाला म्हनत हुते, ह्या कुटं राह्यल्या असतील. तर हितं हायेत.” आणि मग कडेला, सातांपासून जरा लांब असलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडं तिनं बोट केलं. तो पट्टा बाकीच्यांसारखा सरळ नव्हता, वरच्या बाजूला वाकलेला होता. “ही कोन? ही त्यांच्यातली न्हाई.”

“ती मला घेऊन गेली होती,” दीना म्हणाली. “लहानपणी. तापात.”

“आई व्हय?”

दीनानं होय म्हणून मान हलवली.

एवढंच झालं. म्हातारीला मुलानं “राहीबाई, चला आता, साहेब येतील,” म्हणून हाक मारली. आईला तो नावानं हाक मारतो याचं दीनाला नवल वाटलं, आणि त्या नवलात ती क्षणभर रमली म्हणून मागं कोण उभं आहे ते तिनं उशिरा पाहिलं. शाळेतल्या दोन बाई होत्या. दोघी चर्चच्या मंडळीतल्या, दर रविवारी दीनाच्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या. एकीनं हसून “छान आहे गं,” म्हटलं. दुसरी चित्राकडं बघत नव्हती. ती राहीबाईंच्या पाठीकडं बघत होती, आणि मग दीनाच्या मानेकडं, जणू ती मान अजून हलतच होती.

चितळे रोडवरून घरी जाताना दीनानं स्वतःला समजावलं की मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे. मान कशानंही हलते. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तुटू नये म्हणून आपण मान हलवतो, ऐकतोय असं कळावं म्हणून हलवतो. पण ही मान तशी हललेली नव्हती हे तिला ठाऊक होतं. ती हलण्यासाठी पुष्कळ वर्षं थांबून राहिलेली होती. दुष्काळी कामावरून परतणाऱ्या बायकांचा एक ट्रक धूळ उडवत गेला. तिनं डोळे मिटले आणि त्या धुळीतही तिला तो वास आला, तापाच्या तोंडातला कडू वास, आणि कुणाच्या तरी खांद्यावरच्या जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचा. हे खरं घडलं की तापात दिसलं, याची तिला कधीच खात्री नव्हती. नेवाशाच्या अलीकडे नदीकाठच्या खेड्यात तिचे बाबा, एलिया मास्तर, मिशनची शाळा चालवत आणि रविवारी उपदेश करत, त्या काळातली गोष्ट. ती सहासात वर्षांची असेल. ताप उतरत नव्हता. मग कधीतरी संधिप्रकाशात कुणी तिला उचललं. गाल पांढऱ्या कापडावर घासत होता. पायाखाली वाळू वाजत होती. करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढं केळीच्या पानावर दहीभात. नंतर थंडगार ओला हात कपाळावर, आणि कानाशी कुणाचा तरी श्वास, रडू दाबल्यासारखा तुटक. चेहरा मात्र नाही. तो तिला कधी दिसलाच नाही. तिच्या आईला, रेबेकाबाईंना, गावोगावी बायबलबाई म्हणून फिरताना पांढरी पातळं नेसायची सवय होती, म्हणून कापड पांढरं म्हटल्यावर ते आईचंच. शिवाय दुसरं कोण असणार? बाबा तिथं असते तर त्यांनी ते पान पायानं उडवलं असतं. ज्यांनी दिवाळीत शेजारची पणती आपल्या ओट्यावर ठेवू दिली नाही, ते बाबा. त्यांना चोरून आई आपल्याला नदीवर घेऊन गेली, हे दीनानं कधी आईला विचारलं नाही. पण त्या एका गोष्टीवर तिचं आईवरचं सगळं प्रेम उभं होतं. एरवी आई कडक होती. मोजून बोलणारी, सकाळी प्रार्थना झाल्याशिवाय चहा न देणारी. मुंबईला चित्रकला शिकताना, परत येऊन शाळेत लागल्यावर, लग्नाचं वय उलटून गेल्यावर, केव्हाही आईचा राग आला की दीना त्या वाळूवरच्या पावलांपाशी जायची आणि राग उतरायचा. बायकांना काहीतरी माहीत असतं, पुस्तकाच्या खालून वाहणारं, असं तिला वाटायचं. चित्र काढताना पांढऱ्या पट्ट्याला ती मनात आई म्हणत होती.

आणि आता तिनं ते भर हॉलमध्ये मान हलवून सांगून टाकलं होतं.

घरी आई भाकरी थापत होती. “लवकर आलीस,” म्हणाली. दीना म्हणाली, “गर्दी नव्हती.” तिला वाटत होतं, आत्ता सांगावं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. पण काय सांगणार? तुझं गुपित मला माहीत आहे, हे? की मी ते फोडलं, हे? तव्यावरची भाकरी फुगली, आईनं ती चुलीच्या तोंडाशी सरकवली, आणि दीनाला वाटलं की आईच्या हाताकडं आपण इतकं टक लावून बघतोय हे आईला कळतंय. भिंतीवर बाबांचा फोटो होता, कोटातला, बंद ओठांचा. तसाच एक मंडळीच्या सभागृहातही होता. जेवताना ती भाकरीचा तुकडा नुसता कुस्करत राहिली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “काय झालंय?” “काही नाही.” “काही न्हाई तर जेव नीट.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शलमोन पाटोळे आले. मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे, बाबांचे विद्यार्थी. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मंडळीच्या कामाला वाहून घेतलेले. दीना त्यांना लहानपणापासून मामा म्हणायची. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून ते बराच वेळ पाण्याच्या टँकरबद्दल बोलले.

“रेबेकाबाई,” शेवटी ते म्हणाले, “लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, आपण सरळ घरी जाऊन विचारावं. दीनाच्या चित्राची तिकडं पूजा झाली म्हणतात. ते असू द्या, ती काही तिनं केली नाही. पण दीनानं असं सांगितलं म्हणे, की लहानपणी तिला आसरांपुढं नेलं होतं. तुम्ही नेलं होतं. एलिया मास्तरांच्या घरात असं घडेल हे मला खरं वाटत नाही. तुम्ही नाही म्हणा, मी उठतो.”

दीना बोलायला गेली. मामा, मला ताप होता, मला काही आठवत नाही, असं काहीतरी ती म्हणणार होती. आईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. काहीतरी तपासून बघत असल्यासारखी ती बघत होती.

“तू असं सांगितलंस?” आईनं विचारलं.

“मान हलवली,” दीना म्हणाली.

आईनं मान वळवली. मग शलमोनमामांना म्हणाली, “खरं हाय. मीच नेलं हुतं. मास्तरांना ठाऊक नव्हतं.”

मामांनी टोपी हातात घेतली आणि तिची कड फिरवत राहिले. ते गेल्यावर दीना जागची हलली नाही. भीती होतीच, पण तिच्याखालून दुसरंच काही वर येत होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. तो आनंद होता. म्हणजे खरंच घडलं होतं. वाळू खरी होती, ओला हात खरा होता. तिला आईच्या कुशीत शिरावंसं वाटलं. पण त्या घरात तशी रीत नव्हती. ती फक्त म्हणाली, “आई, मला माफ कर.” आई दिवा पुसत होती. “उद्या मला ते चित्र दाखीव,” म्हणाली.

सकाळी हॉलमध्ये कुणी नव्हतं. फक्त राधाकृष्ण पाठक टेबलाशी बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला. “आईंना घेऊन आलात, फार चांगलं. अहो, आधुनिक चित्राची पूजा झाली. मुंबईच्या प्रदर्शनाला हे असंच पाठवू. कुंकवासकट. पुसू नका हं दीनाबाई.” दीनाला त्यांचा आवाज नकोसा झाला. आई त्यांच्याकडं न बघता पुढं गेली. चष्मा पदरानं पुसून तिनं डोळ्यांवर चढवला आणि चित्रापुढं उभी राहिली. कुंकू आता रंगात मुरून काळपट झालं होतं. सात पट्टे तिनं एका नजरेत पाहिले असावेत, कारण तिची मान लगेच उजवीकडं वळली आणि तिथंच थांबली.

दीना तिच्या श्वासाकडं लक्ष देऊन उभी होती. आईला हे कुरूप वाटेल, किंवा पाप वाटेल; किंवा ती रडेल, आणि तिला रडताना आपण कधी पाहिलेलं नाही. तिनं सांगितलं, “ती तू आहेस.”

“ही मी न्हाई,” आई म्हणाली.

“चेहरा नाही काढलेला, पण—”

“दीना, ही मी न्हाई. असं खांदा पाडून कोन चालायचं? बघ की. उजवा खांदा खाली. तुझे बाबा हायेत हे.”

खाली रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली. दीना चित्राकडं बघत होती. हा पट्टा तिनं का वाकवला होता? सरळ काढला होता, तो खोटा वाटला, खरवडला, आणि हातानं आपसूक वाकवला. तिला वाटलं होतं की कडेवर मूल घेतलेली बाई अशी वाकते. आणि ते कापड म्हणजे बाबांचं उपरणं. उपदेशाला जाताना ते खांद्यावर टाकायचे ते. तो तुटक श्वास बाबांचा होता.

दोघी कडेच्या बाकावर बसल्या. आई समोर बघत हळू आवाजात बोलली. “गोजरबाई हुती शेजारी, तिनं आधी मलाच सांगितलं. पोरीला आसरांचं झालंय, दहीभात ठिव म्हनून. मी तिला हाकलून दिली. मग ती त्यांना बोलली. संध्याकाळी त्यांनी तुला उचललं. मी दारात आडवी झाले. मी म्हनले, मेली तर प्रभूच्या घरी जाईल, पन तिथं न्यायची न्हाई.”

दीनाची नजर पांढऱ्या पट्ट्यावरच होती.

“तसंच म्हनले मी,” आई म्हणाली. “त्यांनी मला बाजूला सारलं. जन्मात कधी मला हात लावला नव्हता त्यांनी. मी मागं गेले न्हाई. घरात बसून राह्यले. तू बरी झालीस. आमी त्यावर पुन्यांदा बोललो न्हाई. पुढच्या रविवारी ते उपदेशाला उभे राह्यले, मी पहिल्या रांगेत हुते. माझ्याकडं त्यांनी बघितलं न्हाई. मरेपर्यंत उपदेश करताना माझ्याकडं बघितलं न्हाई.”

“मग काल तू—”

“त्यांनी इतकी वर्षं लोकांना सांगितलं ते सगळं खोटं म्हनायला लोकांना एवढं पुरे हाय. ते आता काय उत्तर देतील?” ती थांबली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. “आन् तू मान हलवली म्हनालीस, तवा मला बरं वाटलं. तुझ्या ध्यानात मी नेलं असं हाय. तसंच असू द्यावं म्हनत हुते. पन ह्ये बघून बोलल्याबिगर राहवंना.”

दीनानं आईकडं बघायचं टाळलं, आणि टाळतोय हे आईला दिसेल म्हणून बघितलं. हीच ती बाई, दारात आडवी झालेली. इतकी वर्षं जिच्या पावलांखाली वाळू वाजत होती ती कुणी नव्हतीच. आणि ज्यांना चुकवून हे घडलं असं तिनं मानलं, ज्यांच्याशी ती कॉलेजात असताना वाद घालायची, ज्यांच्या शेवटच्या आजारात ती कर्तव्य म्हणून आली आणि लवकर परत गेली, त्यांनी तिला उपरण्यावर घेऊन पोटच्या पोरीपायी आपला धर्म वाळूत ठेवला होता. तिला कुणाचा राग यायला हवा ते कळेना. आईचा हात तिच्या शेजारी बाकावर पडला होता, शिरा वर आलेला. तिनं तो धरला नाही. थोड्या वेळानं धरला. तो गरम होता.

त्यानंतरचे दिवस तिनं कान टवकारून काढले. शाळेच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबे. मुख्याध्यापिका दोनदा तिच्या वर्गावर येऊन काही न बोलता गेल्या. शाळा मंडळीचीच होती. नोकरी जाईल, असं तिला फळ्यावर घडा काढता काढता वाटायचं आणि घड्याची एक बाजू फुगायची. मंडळीची कमिटी बसली. आईनं तिथंही तेच सांगितलं. ईस्टरपर्यंत तिनं प्रभुभोजनाला चर्चमध्ये वाटतात ती भाकरी घेऊ नये आणि बायकांची प्रार्थनासभा दुसऱ्या कुणी चालवावी, असं ठरलं. ते ऐकून दीना त्याच संध्याकाळी शलमोनमामांच्या घरी गेली. सगळं सांगून टाकायचं होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती: मामा, मी चुकीची मान हलवली. मामा ओट्यावर बाजरी निवडत होते. त्यांनी तिला बसायला पाट दिला.

“तुझ्या आईनं कबूल केलं,” ते म्हणाले. “भरल्या सभेत. नाही म्हणाली असती तर कुणी काय करणार होतं? मला मास्तरांची फार आठवण झाली बघ. त्यांनी मला अक्षर शिकवलं, प्रार्थना शिकवली. आज ते असते तर त्यांना दुःख झालं असतं. पण तिचा खरेपणा बघून बरंही वाटलं असतं.” बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. दीना पाटावर बसून राहिली. तिची वाक्यं एकामागून एक विरून गेली. थोडं पाणी पिऊन ती घरी आली. कुठं गेली होती ते आईनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी राधाकृष्णांचा निरोप आला, की चित्र मुंबईला पाठवायचं ना? दीना नाही म्हणणार होती.

“पाठीव,” आई म्हणाली. “तिथं कुनी त्यांना ओळखनार न्हाई.”

ईस्टर अजून लांब होता आणि प्रभुभोजनाचा रविवार आला. आई नेहमीच्या वेळेला तयार झाली, तेच इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून. चर्चमध्ये ती पुढं न जाता सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. दीना तिच्या शेजारी बसली. पुढं आईची जागा रिकामी होती, आणि ती कुणी भरली नाही, म्हणून माना वळत होत्या. गीत सुरू झालं. भाकरीच्या तुकड्यांची थाळी बाकाबाकांवरून मागं सरकू लागली. दीनाला वाटलं, ही आपल्यापर्यंत यायच्या आत काहीतरी व्हावं, कुणाला घेरी यावी, पत्र्यावर माकडानं उडी मारावी. थाळी आईच्या हातात आली. आईनं तुकडा न घेता, पाहुण्याला वाढावं तशी ती दोन्ही हातांनी दीनापुढं धरली. “घे,” ती पुटपुटली.

दीनानं एक तुकडा घेतला आणि थाळी पलीकडं दिली. तुकडा बोटाच्या पेराएवढा होता. तो तिच्या घामेजल्या बोटांत मऊ होत होता. पाळक वचन वाचत होते. तिनं तुकड्याचे दोन भाग केले आणि त्यातला एक आईच्या मांडीवरच्या उघड्या तळहातात ठेवला. आईची मूठ मिटली. तिनं दीनाकडं पाहिलं नाही. दीनाला वाटलं, आता ही तो तुकडा परत आपल्या हातात कोंबेल किंवा उठून बाहेर जाईल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते सगळ्यांना दिसेल. पुढच्या बाजूला शलमोनमामा वळून बसले होते, थाळ्या मोजून घेण्यासाठी. ते सरळ त्यांच्याकडंच बघत होते.

आईनं हात तोंडाशी नेला. मग ती सावकाश चावू लागली, तिच्या उरलेल्या दातांनी, एका बाजूनं. शलमोनमामांनी गीताचं पुस्तक उघडलं, त्यात मान घातली, आणि पुढचं गीत सगळ्यांच्या आधी, जरा मोठ्यानंच सुरू केलं.